लेकीचं पोट मोकळं, आईचं लुगड्यात

माझ्या नातवाच्या बारशाला बाळंतिणीचं पोट मोकळं होतं आणि आजीचं पोट नऊवारी लुगड्यात करकचून बांधलेलं होतं. आजी म्हणजे मी.

वसमतला आमची पिठाची गिरणी आहे. एका चक्कीवर ज्वारी-गहू, दुसऱ्या चक्कीवर हळद-मिरची. गिरणी मी चालवते. आमचे हे बाहेर खुर्ची टाकून गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात (तेही काम कुणीतरी करायला लागतंच). दळणाचा भरलेला डबा मी एका हाताने उचलते, पोत्याला गुडघ्याने रेटा दिला की ते मुकाट्याने सरकतं. त्यामुळे माझ्या अंगात भरपूर ताकद आहे असा माझा समज होता, आणि तो तपासून बघायची कुणाची हिंमत नव्हती.

माझी लेक पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला, सुखरूप झाला. पण बाळंतीण पलंगावरून सरळ उठायला गेली की तिच्या पोटाच्या मधोमध एक उंचवटा यायचा, कणकेच्या गोळ्याखाली कुणी बोट घालून वर ढकलावं तसा. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. वयाने पल्लवीपेक्षाही लहान. त्यांनी तिला आडवं केलं, डोकं थोडं उचलायला लावलं, बेंबीच्या वर बोटं दाबून पाहिलं आणि सांगितलं, की पोटाच्या मधले दोन स्नायू गरोदरपणात बाजूला सरकलेत, ते हळूहळू जवळ येतील. रोज गुडघे दुमडून पाठीवर पडायचं, श्वास घ्यायचा, आणि सोडताना बेंबी आत ओढायची. उठताना कुशीवर वळून उठायचं. जड उचलायचं नाही.

“बस, एवढंच?” मी विचारलं. “हा कसला व्यायाम? श्वास तर मीपण घेते.”

“घेता हो काकू, पण पोटाने घेता का?”

“नाकाने घेते!”

मॅडम हसल्या. मला त्यांचं हसणं आवडलं नाही.

आमच्याकडे बाळंतिणीचं पोट बांधतात. विषय संपला. जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं घ्यायचं, एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं टोक बाळंतिणीच्या कमरेला लावायचं, आणि तिने गोल गोल फिरत खिडकीपर्यंत यायचं. पोहोचेपर्यंत पोट सपाट! माझ्या सासूबाईंनी मला असंच बांधलं होतं. त्यांचं ते लुगडं मी पेटीत जपून ठेवलं होतं. ते काढलं, उन्हात टाकलं, आणि पल्लवीसमोर धरलं.

“मी न्हाई बांधून घेणार,” पल्लवी म्हणाली. “मॅडम म्हणल्या, हलका पट्टा चालतो. एवढं आवळलं तर सगळा जोर खाली जातो. आई, टूथपेस्टची ट्यूब मधेच दाबल्यावर काय होतं?”

“टूथपेस्टनं कुठं बाळंतपण केलंय?”

“तुला समजून घ्यायचंच न्हाई.”

नव्हतंच घ्यायचं. पण बाळंतिणीशी भांडू नये म्हणून मी लुगडं घडी करून कपाटावर ठेवलं. पल्लवी रोज सतरंजीवर पडून श्वास घ्यायची आणि मी तिला ओलांडून स्वयंपाकघरात जायची. बघणाऱ्याला वाटावं, लेकरू झोपलंय आणि त्याची आई त्याच्यापेक्षा गाढ झोपलीय.

सव्वा महिन्याने बारसं ठरलं. विहीणबाई, म्हणजे पल्लवीच्या सासूबाई, डोंगरकड्याहून जीप करून सकाळीच येऊन थडकल्या. बाई उंच, काटक. आवाज असा, की शेताच्या या बांधावरून बोलल्या तर त्या बांधावरचा गडी उठून उभा राहतो. आल्या, नातवाची दृष्ट काढली, पाणी प्यायल्या, आणि बाजारात टरबूज दाबून बघावं तसं सुनेचं पोट दाबून पाहिलं.

“इहीनबाई! हे काय? पोट बांधलं न्हाई व्हय पोरीचं?”

“ती ऐकंना हो.”

“ऐकंना? बाळंतिणीला कुणी इचारतं का? तुमी दिसभर गिरणीत, पोरीकडं बघून कोण राहिलं? ते काही न्हाई. संध्याकाळी जीप रिकामी जातीच, मी हिला न लेकराला घेऊन जाते. डोंगरकड्याला नेऊन असं बांधते की बघतच राहताल!”

पल्लवीचा चेहरा उतरला. तिचा व्यायाम अजून अर्ध्यातच होता. मॅडमकडे परत दाखवायला जायचं होतं. पोटावरचा तो उंचवटा नुकता कुठे कमी व्हायला लागला होता. सासरी गेली की सतरंजी गेली, श्वास गेला, आणि लुगडं आलंच.

आता या वेळी मी लेकीची बाजू घ्यायला हवी होती. मलाही ती आणि लेकरू इतक्यात जायला नको होते. घरात लेकराच्या रडण्याची सवय झाली होती, चक्कीचा आवाज त्यापुढे मवाळ वाटायचा. पण विहीणबाई ‘तुमी दिसभर गिरणीत’ म्हणाल्या ना, ते मला लागलं.

“मी काय बांधून घे म्हणलं न्हाई तिला?” मी आवाज चढवला. “मलाबी बांधलं होतं. काय झालं मला? आज पोतं उचलते!”

पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत ती चमक होती, जी लहानपणी शेजारच्यांच्या अंगणातल्या पेरूवर नेम धरताना यायची.

“बराबर,” ती म्हणाली. “मग आई, तूच बांधून घे आज. बारसं होईपर्यंत सोडायचं न्हाई. काही तकलीफ न्हाई झाली, तर मी संध्याकाळी गुपचूप जीपमधी बसते अन तिथं रोज बांधून घेते. पण तू मधी सोडलंस, तर मी इथंच राहून माझा व्यायाम पुरा करणार. आत्याबाई, कबूल?”

“कबूल!” विहीणबाई म्हणाल्या.

“कबूल!” मी म्हणाले.

(शांतपणे विचार केला असता तर कळलं असतं, की जिंकले तर लेक जाणार आणि हरले तर राहणार. म्हणजे मला हरायचं होतं. पण पैज लागल्यावर हरायचं कसं असतं ते मला येत नाही.)

शेजारच्या मुमताजभाभी शिरखुर्म्याचं पातेलं घेऊन मदतीला आल्या होत्या. त्या ब्लाउज शिवतात, गल्लीतल्या सगळ्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ. त्यांना लुगड्याचं टोक धरायला लावलं. खिडकीच्या गजावर विहीणबाईंचा विश्वास नव्हता.

“फिरा आता!” विहीणबाईंनी हुकूम सोडला, आणि एक पाय भिंतीला लावून लुगडं खेचलं. मी परकर-ब्लाउजवर भोवऱ्यासारखी फिरायला लागले. पहिल्या फेऱ्याला बरं वाटलं. पुढच्या फेऱ्यांना सकाळचा चहा घशाशी आला.

“अरे, सांस तो लेने दो!” भाभी ओरडल्या.

“श्वास घ्यायला बांधून नाही राहिलो आमी,” विहीणबाई म्हणाल्या आणि शेवटची गाठ अशी मारली, जशी बैलाला मारतात.

मी आरशात पाहिलं. पोट खरंच सपाट होतं! पण पोट कुठे नाहीसं थोडंच होतं? अर्धं वर सरकून गळ्याशी बसलं होतं आणि अर्धं खाली मांड्यांवर उतरलं होतं. साडी खोचायला कंबर सापडेना. शेवटी भाभींनी निऱ्या लुगड्यातच कोंबल्या.

“कसं वाटतंय?” पल्लवीने विचारलं.

“फस्क्लास,” मी म्हणाले. आवाज माझा नव्हता. आमच्या भिंतीवरच्या घड्याळात एक चिमणी ओरडते, तिचा होता.

बसायला गेले तर बसता येईना. मग उभीच राहिले. यांनी पोह्यांची बशी आणून दिली.

“खात काहून न्हाईस?”

“उपास हाय.”

“आज कसला उपास?”

“माझा हाय. तुमाला काय करायचंय?”

हे बिचारे बशी घेऊन परत मांडवात गेले आणि माझे पोहे खाऊन त्यांनी विषय मिटवला.

तेवढ्यात पाहुण्या बायका यायला लागल्या, आणि माझी गाठ सैल करायची होती नव्हती ती इच्छाही मेली. कारण पहिलीच बाई दारातून म्हणाली, “अगंबाई ताई! किती बारीक झाल्या तुमी!” दुसरी म्हणाली, “आजी वाटतच न्हाईत!” तिसरी तर मला पल्लवीची मोठी बहीण समजली (तिला चष्मा होता, पण तिने तो पर्समध्ये ठेवला होता). इतक्या वर्षांत माझ्या कंबरेबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. मी ताठ मानेने हळदीकुंकू लावत फिरले. मान ताठच होती, वाकत नव्हती.

पहिला घात स्वयंपाकघराने केला. आचाऱ्याने तेलात मिरची टाकली, तीही माझ्याच गिरणीवर दळलेली. ठसका हॉलमध्ये आला. बायका पदर नाकाला लावून शिंकल्या आणि मोकळ्या झाल्या. माझी शिंक आतून निघाली, लुगड्याला धडकली, परत फिरली, आणि दुसरा रस्ता शोधायला लागली. मी गुडघ्याला गुडघा घट्ट लावून, डोळे मिटून, भिंतीला धरून उभी राहिले.

“ताईंचे डोळे भरून आले,” कुणीतरी म्हणालं. “पहिला नातू हाय ना!”

शिंक अखेर आली. तिने गाठ जागची हलवली. नेमकी किती, ते मला वाकून बघता येत नव्हतं.

मग पाळण्याचा विधी सुरू झाला. मांडववाल्याकडून लोखंडी स्टँडचा, झेंडूच्या माळा लावलेला पाळणा आणला होता. आमच्याकडे लेकराला पाळण्यात घालायच्या आधी पाट्याच्या वरवंट्याला झबलं-टोपरं घालून सजवतात, आणि दोन बाजूंना दोन बायका बसून त्याला पाळण्याखालून, पाळण्यावरून एकमेकींच्या हातात देतात. लेकरू दगडासारखं मजबूत व्हावं म्हणून. एका बाजूला विहीणबाई, दुसऱ्या बाजूला मी. पल्लवी नातवाला मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती आणि माझ्याकडे एकटक बघत होती.

विहीणबाई चट्कन मांडी घालून बसल्या. मी वाकू शकत नव्हते, म्हणून ओंडका पाडतात तशी गुडघ्यांवर आले आणि दोन्ही हात जमिनीवर टेकले. बायकांना वाटलं, ताई पाळण्याला नमस्कार करून राहिल्या. दोघीतिघींनी मागोमाग केलाही.

“कुणी गोविंद घ्या!” विहीणबाईंनी वरवंटा पाळण्याखालून सरकवला.

“कुणी गोपाळ घ्या!” चिमणी ओरडली आणि मी वरवंटा ओढला.

रोज दळणाचा डबा एका हाताने उचलणारी मी! तो टोपरं घातलेला दगड दोन हातांनी जमिनीपासून वर येईना. जोर लावायला पोट लागतं, हे मला तेव्हा कळलं. पोट होतं, पण ते बांधलेलं होतं. मी दात खाऊन आणखी जोर लावला, आणि पाठीमागे कुठेतरी ‘टच्च’ झालं.

गाठ सुटली होती. लुगड्याचं टोक पदराखालून बाहेर घरंगळलं आणि पाळण्याच्या स्टँडच्या पायात अडकलं. मला ते दिसलं नाही. मी उठायचा प्रयत्न केला. माझ्याबरोबर पाळणाही उठायला लागला!

“पाळणा! पाळणा धरा!” एकच गलका झाला. पाळण्यात कुणी नव्हतं, पण झेंडूच्या माळा खाली आल्या आणि माझ्या गळ्यात बसल्या. विहीणबाईंनी पाळणा धरला. मी परत खाली बसले. उठले की पाळणा कलंडायचा, बसले की सरळ व्हायचा. मागच्या रांगेतल्या बाईने शेजारणीला विचारलेलं मी स्वतः ऐकलं, “ही पद्धत आपल्यात न्हाई ना?”

“रुको, रुको! मैं देखती!” मुमताजभाभी धावल्या. त्यांना स्टँडच्या पायातलं टोक दिसलं. शिवणकाम करणारी बाई, लोंबणारा धागा दिसला की ओढायचा हा त्यांचा स्वभाव. त्यांनी टोक सोडवलं आणि जीव खाऊन ओढलं.

मी आडवी झाले, आणि फिरले.

नऊवारी लुगडं किती लांब असतं, हे नेसताना कळत नाही. त्यातून घरंगळत बाहेर पडताना कळतं. पाळण्यापासून सुटले ते फुलांच्या परातीवरून, अक्षतांच्या वाटीवरून, बायका पाय वर घेत होत्या त्यांच्या मधून, थेट पलंगाखाली. निऱ्या लुगड्यातच खोचलेल्या होत्या, त्यामुळे साडीही त्याच्याबरोबर गेली. हॉलभर दोन कापडं पसरली होती आणि पलंगाखाली मी, परकर-ब्लाउजवर, गळ्यात झेंडूच्या माळा. श्वास असा खोल आला, की पलंगाखालची सगळी धूळ आत गेली.

भाभींनी पटकन माझ्यावर चादर टाकली. नेमके आमचे हे मठ्ठ्याची बादली घेऊन दारात आले. त्यांनी हॉलभर पसरलेल्या लुगड्याकडे पाहिलं, गहिवरले, आणि म्हणाले, “हे तर आमच्या आईचं लुगडं! आईची आठवण काढली व्हय तुमी?”

“व्हय,” पलंगाखालून मी म्हणाले. “लई काढली.”

हे डोळे पुसत परत गेले. दार लागलं, आणि बायका जे हसायला लागल्या! पल्लवी हसता हसता एक हात पोटावर ठेवून म्हणाली, “आत्याबाई, आई हरली. मी राहून राहिले.”

विहीणबाई मात्र हसत नव्हत्या. पदर तोंडाला लावून, मांड्या आवळून, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं, राग आला.

“काय झालं?” मी पलंगाखालून विचारलं.

“हसवू नका हो मला,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. त्या बाईंचा दबका आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. “मला हसणं, खोकणं, शिंकणं, काहीच झेपत न्हाई. आमच्या सासूनं अस्संच आवळून बांधलं हुतं. तवापासून हसू आलं की आधी न्हाणीघर कुठं हाय ते बघावं लागतं.”

मग कोपऱ्यातून एक आवाज आला, “मलाबी.” पलीकडून दुसरा, “मी तर एसटीत खिडकीला बसत न्हाई, खड्डा आला की उठून उभी राहते.” भाभी म्हणाल्या, “मैं मशीन पे बैठी तो खांसतीच नै.” मी पलंगाखालून बाहेर आले, चादर गुंडाळली आणि शिंकेचं काय झालं होतं ते सगळ्यांना खरं खरं सांगून टाकलं. ‘पहिला नातू हाय ना’ म्हणणारी बाई हिरमुसली.

“पल्लवी,” विहीणबाई म्हणाल्या, “ते तुझ्या मॅडमनी काय दाबून बघितलं हुतं, ते मला बघ बरं.”

झालं! सतरंजी अंथरली. विहीणबाई आडव्या, मग भाभी, मग रांगच लागली. पल्लवी बाळाला एका बाईकडे देऊन बायकांच्या बेंबीच्या वर बोटं ठेवत बसली. “डोकं उचला. आता श्वास सोडा. आत ओढा. अहो, खांदे न्हाई, पोट!” माझी पाळी आली तेव्हा तिने बोटं ठेवली, आणि मग दुसऱ्या हाताचीही ठेवली.

“किती हाय?” मी विचारलं.

“आई, तुझ्यात माझा अख्खा हात बसतोय.”

“अन पोतं कशानं उचलते मग मी?”

“तोंडानं,” पल्लवी म्हणाली.

या सगळ्यात बाळाचं नाव ठेवायचं राहूनच गेलं. जेवणं उरकल्यावर मांडवातून विचारणा झाली, तेव्हा घाईघाईने ठेवलं. संध्याकाळी विहीणबाई जीपमध्ये एकट्याच बसल्या. “पोरीचं पोट नीट झाल्याबिगर धाडू नका,” त्यांनी मला बजावलं, “अन तुमीबी करा. मी फोनवर इचारीन!”

विचारतात. म्हणून मला करावंच लागतं. दुपारी चक्की बंद ठेवून मी आणि पल्लवी शेजारी शेजारी पडतो. तिचा उंचवटा आता शोधावा लागतो. मी अजून पहिल्याच धड्यात आहे, श्वास घेते, सोडते, आणि मधेच घोरते असं पल्लवीचं म्हणणं आहे.

त्या वेळात गिऱ्हाईक आलं की आमचे हे बाहेर खुर्चीत असतातच. ‘ताई कुठं हायेत?’ असं कुणी विचारलं, तर यांचं ठरलेलं उत्तर, “आत पडलीय. बाळंतपणानंतरचा व्यायाम करून राहिली.” पुढचं-मागचं काही सांगायचं नाही! मला हे कळलं ते परवा. नरसीहून दळणाला येणारी एक म्हातारी आत आली, दार लोटून घेतलं, माझा हात हातात घेतला, डिंकाच्या लाडवांचा डबा आणि एक इवलं झबलं माझ्या उशाशी ठेवलं, आणि कानात म्हणाली, “लाजू नको बाई. या वयात झालं तर झालं. पोरगं हाय का पोरगी?”

झबलं नातवाला बरोबर बसलं. लाडू मी कुणाला दाखवले नाहीत. बाळंतिणीने खायचे असतात.